पॉलिश वाळायच्या आधी

हात प्लास्टरात असलेल्या शिंपीणबाई दवाखान्यात नंबरची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर खांद्याच्या ऑपरेशनला आलेला सुतार आणि त्याची थोरली बहीण कुजबुजत होती. बाईंचे कान काही प्लास्टरात नव्हते.

"नशा सुटायची गोळी घेत होतास, ते डॉक्टरांना सांगितलंस का?"

"हळू बोल ना, ताई! कालच बंद केली. विषय संपला."

"कुणाला विचारून?"

"ती पोटात असली की दुखण्यावरचं कडक इंजेक्शन लागू पडत नाही म्हणे. म्हणून मीच अक्कल चालवली."

"चालवलीस, पण अर्धीच. ब्रश खाली ठेवला की पॉलिश लगेच वाळतं का रे?"

"छे! दोन-तीन दिवस बोटसुद्धा लावायचं नाही."

"मग ती गोळी कालच्या काल अंगातून कशी जाईल? आधी सांगितलंस तर डॉक्टर दुसरा काही उपाय बघतील. नाहीतर ऑपरेशननंतर बोंबलत बसशील."

"पण गर्दुल्ला म्हणतील गं मला."

"वर्ष झालं, त्या वाटेला फिरकला नाहीस. मी तर गल्लीभर कौतुक सांगत सुटलेय."

"गल्लीभर?"

"दूधवाल्यालासुद्धा."

"अगं, मग राहिलं कोण?"

"भूल देणारे डॉक्टर. तेवढे एकटेच राहिलेत बघ."

सुतार हसत हसत उठला. "ओ सिस्टर, भूलवाल्या डॉक्टरांना जरा बोलवता का? एक सांगायचं राहिलंय."

शिंपीणबाईंनी त्याला वाट द्यायला पाय आखडून घेतले.

"जा दादा, बिनधास्त सांगा. मलाही कळलंय आता."