हाराखालचा पट्टा

कोनी पाठवलं तुमाले? ठेकेदारानं त नाई? मंग बसा, पन जरा दूर बसा. सिंदी मेघेच्या शिवारात आमचा भाजीपाल्याचा मळा होता, वांगे, पालक, सांभार म्हंजे कोथिंबीर, तिथंच मी वाढलो, चौथीतून शाळा सोडली, मंग मळ्यावर घरं उभे राह्यले आन् मी त्याच घराइच्या कामावर लागलो. वझं बांधनं माहं काम. कारखान्यातून सिमेंटचा तयार बीम येते, हत्तीवानी, त्याले दोन पट्टे घालाचे, क्रेनच्या हुकात अडकवाचे, आन् डायवरले हातानं दाखवाचं, उचल, थांब, सोड. माही बायको कमल माह्यासंगच राहे, घमेले वाहे.

काय सांगू तुमाले, बीमची कोर इळ्यावानी राह्यते, मधात पोतं नाई घातलं त पट्टा कापते. म्हून मी रोज सकाळी पट्टा वीतवीत हातावरून सरकवून पाहो. कमल हासे, म्हने पोरगी पाहाले आल्यावानी पाहता, मले त येवढं नाई पाह्यलं.

तीन वर्षं झाले. दसऱ्याले अवजाराइची पूजा झाली, फावडे, थाप्या, क्रेन, पट्टे, साऱ्याइले हळदकुंकू, झेंडूचे हार. पट्ट्याइले ठेकेदारानं आपल्या हातानं हार गुंडाळले. दुसऱ्या दिवशी मी पट्टे पाह्यले, पन हाराखालचं नाई पाह्यलं. पूजेचा हार सुकल्याबिगर काढत नाई आपल्यात. बीम वर गेला. तवा वझ्याखालून जाताना कोनी कोनाले अडवे नाई, मीबी नाई. कमल घमेलं घेऊन खालून निंगाली आन् पट्टा तुटला, हार होता तिथंच. चीर जुनी होती, काळी पडली होती, मी माह्या डोळ्यानं पाह्यली. ठेकेदार म्हने पट्टा नवा होता. दाखव म्हनलं, त म्हने कचऱ्यात गेला. मंग हार नेमका चिरीवरच काऊन गुंडाळला? आन् मी, जो कोनाच्या बापावर भरोसा ठेवत नाई, त्या झेंडूवर काऊन ठेवला?

यंदा पिपरी मेघेले, या कामावर, दसऱ्यानंतर पुन्हा तेच. पट्ट्याले हार. सुपरवायझर पोरगी म्हने, आबाजी, राहू द्या ना, साहेबाच्या आईनं बांधला. मी म्हनलं, मंग बीमखाली साहेबाच्या आईले उभी करू काय? इळ्यानं हार कापला. डायवर म्हने, हा बुढा देवाचाबी पंचनामा करते. पट्टा धडधाकट निंगाला. सारे खदाखदा हासले. हासा म्हनलं. कोरीले पोतं घातलं, घमेलेवाल्या बायाइले दूर हाकललं, बीम वीतभर उचलून थांबवला, चारी बाजूनं पाह्यला, मंगच वर जाऊ देला.

पट्टा चांगला निंगाला म्हून मले काई आनंद नाई झाला. हार काढाले किती वेळ लागला? बिडी पेटवाले लागते तेवढा. तेवढाच त्या दिवशी लागला असता.

जा आता, लेकराबाळाइसंग सुखी राहा. पन इकडून नोका जाऊ, वझं चढून राह्यलं. तिकडून फिरून जा.