मामीच्या मांजरीले लागलेली नजर

आईची आन, हे सगयं खरं हाय. म्हंजे, अर्धं तं पक्कंच खरं हाय.

आसेगावच्या माह्या मामीची मांजर. एक दिवस तिचा डोया लाल झाला, पानी गयाले लागलं. मी म्हनलं, "मामी, कोमट पान्यानं पुसून दे, कचरा गेला असन."

"तू कायचा डागदर? नजर लागली तिले. त्या शेजारच्या शांतीची. तिच्या घरी उंदरं लय हायेत ना!"

मंग रोज मांजरीवरून मिरच्या ओवायून चुलीत टाकनं सुरू. ठसका नाही लागला तं नजर खरी, हे तं तुले मालूम हाय. गावभर वरडनारा माहा मामा तितंच बसेल होता. तोंड लाल, डोयातून धारा, पन मामीसमोर खोकाची हिंमत कोनाची?

"ठसका लागला काय हो?"

मामानं नाही म्हनून नुसती मान हालवली. तोंड उघडलं असतं तं खोकला भाईर आला असता.

"पाहा! नजर लय कडक हाय. उद्या मिरच्या वाढवा लागतीन."

मांजरीचे मंग दोन्ही डोये सुजले. शेवटी ती पयाली, थेट शांतीच्या घरी. तितं ना धूर, ना मिरची. शांतीनं डोये पुसले, मांजर बरी झाली.

मी म्हनलं, "आता बोल, मामी."

"बोलाचं काय? मांजर पयवून न्याले तं नजर लावली होती तिनं!"

हासतं कायले? खोटं वाटते? टाकू काय या हाटेलच्या शेगडीत मिरची? तुले ठसका लागला तं मी खोटा.

नको म्हनतं? मंग चहाचे पैसे तू दे.