उरलेलं अर्धं पोतं

"काका, उशिरा लावलेला भात जास्त युरिया घातला की पुढे पळतो ना?"

"एवढी शहाणी आहेस, तर भर रांगेत विचारून दाखव," अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. म्हणून खताच्या दुकानात त्या शेतकऱ्याच्या मुलीने हे मुद्दाम मोठ्याने विचारलं. मागे तिघी खिदळल्या.

"पळत नाही, लोळतो!" दुकानदार म्हणाला. "उशिराच्या भाताला दिवस कमी, म्हणून युरियाही बेतानेच द्यायचा. जास्त दिला की नुसती पानं माजतात, अन् वारा आला की पीक आडवं."

"मालकाच्या भाताचं अगदी तस्संच झालं हो," रांगेतली आजी वळली. "माझ्या सुनेने मापून टाकला होता. तरी मालकाने तिलाच कामावरून काढलं. म्हणे, हात सैल तुझा."

"तिने सांगितलं नाही?" दुकानदाराने विचारलं.

"सांगितलं की. ऐकतो कोण? आता घरात स्वतःच्या हातांकडे बघत बसते."

"ए, पैज जिंकलीस की!" मैत्रीण म्हणाली. "मग तोंड का पडलं?"

ती रांग सोडून तडक घरी आली.

"बाबा, तुम्ही कामावरून काढलेल्या त्या वहिनींचा हात सैल नव्हता. त्या गेल्यावर उरलेलं अर्धं पोतं मी टाकलं, भात पुढे पळावा म्हणून. तुम्ही त्यांना बोललात, तेव्हाही युरियाने भात लोळतो हे मला पटलं नव्हतं; मी दाराआड गप्प उभी होते."

"अगं, झालं ते झालं," आई म्हणाली. "आता कशाला चार लोकांत शोभा?"

"त्यांची झालीच ना, आई? मी आत्ता वहिनींच्या घरी निघालेय, त्यांच्या सासूबाईंसमोर सांगायला. बाबा, तुम्ही येताय, की एकटी जाऊ?"