ॲव्हरेज

शिराळ्याहून सांगलीला निघालेल्या येष्टीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“गुणमालाकाकू, तुमी येष्टीत? गाडी इकली का काय?”

“न्हाई गं चंदना. तुझं काका गाडीनंच निघाल्यात भाचीच्या लग्नाला. ॲव्हरेज वाढवायचं खूळ लागलंय. जुनी गाडी, लय पेट्रोल पिती. वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी काढली, मागची सीट काढली. मग माझ्याकडं बघाय लागलं.”

“अगं बाई!”

“येष्टीत बायकांना अर्धं तिकीट. मीच उतरले.”

“आवं, ती बघा तुमची गाडी! मागं टाकली की आपण.”

“चाळीसच्या वर काटा जाऊ देत न्हाईत.”

“मग स्टँडवरनं कार्यालयात रिक्षानं जावा.”

“थांबीन की तासभर. घरची गाडी असताना रिक्षा कशाला?”