मोठीच्या तोंडाला कुलूप

आखातात, रुवी भागातल्या एका दवाखान्यात मालतीबाईंच्या शेजारी दोन बहिणी येऊन बसल्या. धाकटीच्या मांडीवर शाळेत लावलेली जुनी इंग्रजी कादंबरी होती, बहिणीबहिणींची.

“ताई, यातली मोठी सेम तू. मनात सगळं, पण तोंडाला कुलूप.”

“आणि दुसरी तू. कुणालाही तोंडावर उत्तर.”

“म्हणून तर पुण्याला चाललीस! बाबा म्हणाले, कॉलेज इथेच, खलास. तू काय केलंस? चपात्या लाटत बसलीस.”

“रडत होते गं.”

“कळलं ना. एकही चपाती गोल नव्हती. म्हणून मी बाबांना विचारलं, ताईला काय हवंय ते कुणी विचारलंय का?”

“चार दिवस बोलले नाहीत तुझ्याशी.”

“चालतं.”

“शिवांगी, थँक यू.”

“ओ माय गॉड, मोठी बोलली! यल्ला, चल, नंबर आला. हॉस्टेलसाठीचं मेडिकल सर्टिफिकेट घेऊन ये.”

मालतीबाईंनी पर्समधून फोन काढला आणि दापोलीला लावला.

“कुसुम, मी ताई. नाही गं, तब्येत बरी आहे. मला नर्सिंगला पाठवायला तू अण्णांशी भांडलीस, आठवतं?”

“त्याला पन्नास वर्षं झाली, ताई! आज काय मध्येच?”

“तेव्हा मी काहीच बोलले नव्हते.”