बुधवारचा डबा

नाही नाही, खिडकीला चिकटून नको बसवूस, जरा अलीकडे घे. तिथून वारा येतो, आच फडफडते. एवढी मोठी शेगडी कशाला, हेच विचारायचंय ना तुला? मघापासून बघतोयस माझ्याकडे — एकटी म्हातारी, खाणार चिमणीएवढं, आणि बसवून घेतेय भटारखान्यातली शेगडी. विचार की मग. कानाशी केस पांढरे झालेत तुझे, तरी मी तुला अरे-तुरेच करणार हं, राग मानू नकोस. चौथीत शाळा सुटली माझी, अहो-जाहो बहुतेक पाचवीत शिकवत असतील.

तर काय आहे — आमचा फोनवर एक गट आहे, ‘घरच्या घरी हॉटेल’ म्हणून. सगळी रिकामी माणसं. एक पेन्शनीत निघालेला पोस्टमास्तर, एक दातांचा डॉक्टर, चार-पाच नव्या सुना, आणि मी. सगळ्यांना काळजी एकच — हॉटेलातल्या भाजीला जी चव असते ती आपल्या कढईत का उतरत नाही? पोस्टमास्तर म्हणतो, कांदा परतायचा नाही, उकडायचा, मऊ झाला की वाटून गाळून घ्यायचा. खरं आहे ते. एक सून म्हणते, ग्रेव्हीवर सुटलेलं तेल काढून ठेवा, पुढच्या खेपेला त्यातच फोडणी घाला. तेही खरं. आणि मी काय करते, मधेच एखादं पिल्लू सोडून देते. एकदा सांगितलं, ग्रेव्ही परतताना तोंडातून शब्द काढायचा नाही, बोललं की फुटते. सगळ्यांनी केलं रे! पोस्टमास्तर तर फोन वाजला तरी उचलेना. डॉक्टरची बायको मला बाजारात भेटली, माझा हात हातात धरून म्हणाली, “मावशी, अर्धा तास घर कसं शांत असतं. अशीच अजून एखादी सांगा ना.”

हस, हस. नळी नीट घट्ट कर पण.

आता या शेगडीचं सांगते. खालच्या मजल्यावर शिवणवाली राहते, शिलाई मशीन आहे तिच्याकडे, ब्लाउज शिवते. माझी मैत्रीण. म्हणजे — मैत्रीणच. आमच्या गटात ती नाही, तिला असल्या गप्पा आवडत नाहीत. पण एक दिवस काय झालं कोणास ठाऊक, वाटी घेऊन वर आली, म्हणाली चाखून बघ. मी चाखलं, आणि अरे, कोपऱ्यावरच्या हॉटेलातली चव, हुबेहूब! अख्खा गट डोकं फोडतोय आणि ही बाई, जिला साधं वरण धड जमत नाही, ती घेऊन येते! आमचे हे समोर बसलेले. ह्यांनी बोटं चाटली. म्हणाले, “बघ. याला म्हणतात हात.” माझ्या हातचं जन्मभर जेवलेला माणूस. मी विचारलं तिला, काय केलंस काय? तर म्हणे विशेष काही नाही, आच मोठी लागते. तुझ्या आचेत दम नाही.

मग काय, दर गुरुवारी हेच. ती वाटी आणणार, हे डोळे मिटून खाणार, मी शुक्रवारी ते करायला जाणार. कांदा उकडून झाला, काजू वाटून झाले, कढई धूर येईपर्यंत तापवून कडेकडेनं पळीपळी ग्रेव्ही सोडून, खरवडून — हा बघ मनगटावरचा डाग, तेव्हाचाच. जवळ यायची चव, पण तीच नाही. शिवणवाली यायची, चमचा तोंडात धरून विचार केल्यासारखं करायची आणि म्हणायची, “थोडी कमी पडली गं आच.” आणि हे खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला वाटायचं, माझी कीव येते म्हणून.

मागच्या थंडीत हे गेले. छातीचं दुखणं होतं, घरीच होते शेवटी. जेवण तुटलं होतं, तर शिवणवाली वाटी घेऊन आली. मी भरवलं, दोन चमचे घेतले. मग तिच्याकडे बघून हसले, इतके हसले की ठसका लागला. पाठ चोळली मी. मला म्हणाले, “शिकून घे हिच्याकडून.” नीट बोललेलं तेवढंच शेवटचं.

आता तूच सांग, मी ते तसंच सोडणार होते का? थंडी गेली, उन्हाळा गेला, ती गुरुवारी वाटी आणते, मी शुक्रवारी कढई जाळते. शेवटी ठरवलं, आचच आणते घरी. म्हणून तुझ्या दुकानात सांगून ठेवलं. आणि काल दुपारी म्हटलं, हॉटेलातली शेगडी एकदा डोळ्यांनी बघून घ्यावी, आणि जमली तर ग्रेव्हीही थोडी विकत घ्यावी, शेजारी शेजारी ठेवून चाखायला. ह्यांचा दुधाचा डबा घेतला, झाकणाला पोचा आलेला, आणि गेले मागच्या दाराला. आचारी बाहेर लसूण सोलत बसलेला. त्यानं माझ्याकडे नाही, डब्याकडे बघितलं. म्हणाला, “काका बरे आहेत ना? बरेच दिवस दिसले नाहीत.”

मी म्हटलं, कोण काका?

तर म्हणे, “या डब्यातून ग्रेव्ही न्यायचे की दर बुधवारी. वरचं तेल नको, घट्ट दे म्हणायचे. बायकोची गंमत करतोय, तिच्या वाढदिवसाला सांगणार आहे, म्हणायचे.”

अरे, दुधाला लसणाचा वास येतो म्हणून मी दूधवाल्याशी भांडले होते. वर्षानुवर्षांचा दूधवाला, बिचारा शपथा घेत होता. मी बदललं त्याला. आणि हे बाजूला उभे राहून म्हणाले, जाऊ दे, होतं असं.

वाढदिवस आलाच नाही. म्हणजे आला, हे नव्हते.

तू काम कर, माझ्याकडे नको बघूस. मी रडत नाहीये. मला सांग, आयुष्यभर या माणसाच्या चहात मीठ मी घातलं, चपलांची अदलाबदल मी केली, आणि त्यानं एकदा, एकदाच डाव टाकला — इतका झकास डाव — तर तो बघायला भागीदार कोण? खालची. माझी फजिती बघत दोघं कित्येक महिने हसली. त्याचं ते हसू माझ्या वाट्याचं होतं रे. ते मला मिळालं नाही, तिला मिळालं.

बरं, तेही सोड. हे गेल्यावर काय? आचारी म्हणाला, “आता त्या ब्लाउज शिवणाऱ्या बाई नेतात. गेल्या बुधवारीही येऊन गेल्या.” ह्यांनी केली ती थट्टा झाली. हे गेल्यावर तिनं चालू ठेवली, तिला काय म्हणायचं? समोर बसून माझा हात भाजलेला बघते आणि म्हणते आच कमी पडली. हां, माणूस गेलेल्या घरात येऊन कोण सांगेल की अगं ती गंमत होती, हे मलाही कळतं. सांगितलं असतं तर ह्यांचं शेवटचं बोलणं पण थट्टेतच गेलं असतं. झालंच आता तसं. पण मी तिच्याकडून जी चव शिकत होते ती... जाऊ दे. गुरुवारी तिनं वर यावं म्हणून मी मुद्दाम थोडं चुकवायचे सुद्धा कधीकधी. हे तुला कशाला सांगतेय मी.

शेगडी नको म्हणून सांगणार होते खरं तर. राहिलं.

थांब. ऐकलंस? कडी वाजली. तीच आहे, दोनदा वाजवते आणि गप्प उभी राहते. आज गुरुवार. आचाऱ्यानं सांगितलं असणार तिला मी येऊन गेल्याचं, सकाळपासून फोन करतेय.

उठू नकोस. बस तिथंच. पाना घे आणि आपट, कशावरही आपट, त्या पाइपवर आपट. जोरात. खाली ऐकू गेलंच असेल तुझं काम चाललंय ते, त्या आवाजात मला कडी ऐकू आली नाही असं म्हणता येईल. हां, असंच.

काहीतरी बोलतेय वाटतं दाराशी. नको, मला सांगू नकोस काय ते. तू आपटत राहा. तू थांबलास तर मला उघडावं लागेल.

अरे.

थांबलास का?