पापणी धरलेला हात

जबाब देणार: नाव खाली सहीमध्ये आहे, गल्लीत सगळे 'भडक्या' म्हणतात. वय २१. धंदा: मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. शिक्षण: कॉलेज दुसऱ्या वर्षापर्यंत, पुढे सोडले. राहणार: दुकानामागची इमारत, तळमजला.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, आज दुपारी समोरच्या ब्यूटी पार्लरच्या काचेतून मला चष्म्याच्या दुकानवाल्याचे बोट आमच्या इमारतीतल्या धाकटीच्या डोळ्यावर दिसले, तिथून माझे सगळे बिनसले. त्याआधी मी बरा होतो.

धाकटी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकूंची धाकटी मुलगी. तुमचे नाते काय, असे साहेबांनी विचारले. शेजारी, असे लिहावे. ती कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी सोडले, तिने पूर्ण केले.

तिला पार्लरमध्ये नकली पापण्या लावून घ्यायच्या होत्या. जाताना ती दुकानात डोकावली व म्हणाली, "भडक्या, नंतर ओळखशील ना रे मला?" मी म्हणालो, "आहेत त्या पापण्यांना काय धाड भरलीय?" ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." कोणाला कळणार होते ते तिने सांगितले नाही. चष्मेवाल्याचे दुकान पार्लरला लागून आहे. हल्ली तिच्या तिकडे फेऱ्या वाढल्या होत्या. चष्मा तिला नाही, मग तिथे काम काय, असा माझा प्रश्न होता. तो मी कोणाला विचारला नाही.

पुढे मशीनमध्ये कागद अडकला. मी तो काढत असता पार्लरमधून ओरडल्याचा आवाज आला. मामा म्हणाले, "तू तुझं बघ. बायकांचं दुकान आहे ते." मी काचेपर्यंत गेलो. धाकटी खाटेवर उठून बसली होती. चष्मेवाल्याने एका हाताने तिची वरची पापणी धरली होती, दुसऱ्या हाताचे बोट डोळ्याला लावले होते. तिने त्याचा शर्ट मुठीत धरला होता. शर्ट निळा होता.

मी आत गेलो व त्याला कॉलर धरून मागे ओढले. तो म्हणाला, "अरे थांब, लेन्स आहे आत!" मला तो बहाणा वाटला. मी त्याला एक ठेवून दिली. त्याचाच चष्मा फुटला. धाकटी किंचाळली. पार्लरवाल्या ताईंनी मला झाडूने मारले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ताई म्हणाल्या, "अरे मेल्या, तिचा डोळा घालवतोस का? मी हिला दोनदा विचारलं, लेन्स असेल तर काढून ये. तर म्हणे, छे हो ताई, मला कुठला नंबर!" पापण्या चिकटवायच्या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते. काम चालू असताना डोळे घट्ट मिटलेले लागतात आणि लेन्स आधीच काढलेली लागते, हे मला तेव्हा कळले. धाकटीने मध्येच डोळे उघडले, आग झाली, ती चोळू लागली. मग लेन्सचे खरे तिच्या तोंडून निघाले. लेन्स त्याच्याच दुकानातली, म्हणून ताईंनी त्याला हाक मारली. उजव्या डोळ्यातली काढून त्याने तो पाण्याने धुतला होता. डावीला हात घातला आणि मी पोचलो.

तिच्या डोळ्यांना नंबर आहे हे मला माहीत नव्हते. वर्गात मी फळ्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त पाहिले आहे. मला माहीत नव्हते. त्याला होते.

त्याने तिला धरून कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. मी मागून गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्या बुबुळावर ओरखडा आहे. ओढाओढ झाली का? थेंब टाकत राहा, चोळू नका, भरून येईल. उजवा लगेच धुतला म्हणून बचावला." कोणी धुतला असे त्यांनी विचारले. त्याने मान खाली घातली. मारल्याचेही तो काही बोलला नाही. तेवढ्यासाठीच त्याला आणखी एक द्यावी असे मला वाटले. दिली नाही.

मग तो औषध आणायला गेला. मी खोलीत गेलो. तिच्या दोन्ही डोळ्यांवर गार कापडाची घडी होती. पावले ऐकून ती म्हणाली, "मिळालं औषध? बसा ना जरा." तिने हात पुढे केला. मी तो धरला.

ती म्हणाली, "भडक्याला ओरखड्याचं सांगू नका हं. डोक्यात राख घालून घेतो, पण जिवाला फार लावून घेईल. भावासारखा आहे हो माझ्या." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा हात किती गार पडलाय. फार लागलं का?"

मी हात हळूच सोडवून घेतला, उठलो, बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असे दार लावले. तिथून आपण होऊन चौकीवर आलो.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून ऐकवले. 'भावासारखा' एवढा शब्द काढता येईल का, असे मी विचारले. येत नाही म्हणाले. तेव्हा मजकूर मी सांगितला तसाच आहे.